सिस्टरच्या घरचं फूल

बायकांच्या गळ्यात काय काय असतं, पण फ्रिजची किल्ली मी फक्त सिस्टरच्या गळ्यात पाहिली. काळ्या दोऱ्यात ओवलेली, सतत ब्लाउजच्या आत. मी वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले त्या दिवशी सिस्टरनी मला आधी नळ कधी येतो ते सांगितलं, मग गेटची कडी कशी लावायची ते दाखवलं आणि शेवटी ती किल्ली बाहेर काढून माझ्यासमोर धरली. "हे पाह्य वं पोरी, या घरातलं सगळं तुहं. चहापत्ती घे, साखर घे, लोणचं घे, विचारू नको. पण फ्रिजले हात लावाचा नाही. थंडं पाणी पायजे असन तर माठ आहे."

मी यवतमाळची. नागपुरात, मिहानमधल्या एका कंपनीत दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, ही माझी नोकरी. संध्याकाळी तापलेल्या रस्त्यानं स्कूटी हाणत घरी यायचं आणि घरात फ्रिज असून माठाचं पाणी प्यायचं, हे काही माझ्या डोक्यात बसेना. मनात ठेवून कुढत बसायचा माझा स्वभाव नाही. आठवडाभरात मी विचारलंच, "सिस्टर, त्या फ्रिजमंदी असं काय सोनं ठेवलं तुम्ही?"

त्यांनी कुलूप काढलं, दार चार बोटं उघडलं आणि म्हणाल्या, "पाह्य लवकर." आत दूध नाही, भाजी नाही, कालची आमटी नाही. सगळ्या कप्प्यांवर खाकी कागदी पिशव्या आणि मधोमध एक थर्मामीटर. एका पिशवीचं तोंड जरा उघडं होतं. दार बंद झाल्यावर मी म्हटलं, "कांदे?" त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

सिस्टर म्हणजे नर्स. हिंगण्याच्या पलीकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली. काम लसीकरणाचं. पोरंबाळं नाहीत, लग्नच केलेलं नाही. गल्लीतल्या एका नव्या सुनेनं एकदा तोंडावरच विचारलं, "काहून नाही केलं, सिस्टर?" तर म्हणाल्या, "टाइमच नाही भेटला वं. सकाळी लस याची, संध्याकाळी उरलेली परत जाची. मधात दुसऱ्याचे लेकरं." ती सून बिचारी हसावं की नाही या विचारात तशीच उभी राहिली.

लस दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते. आठच्या वर गेली की वाया, शून्याखाली गोठली की तीही वाया. हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की कोणी "कशा आहात?" विचारलं तर त्या "दोन ते आठ" म्हणायच्या. म्हणजे ठीक आहे. बरं नसलं की, "आज जराशी आठच्या वर आहे." मिठाईच्या दुकानात गेलं की पेढ्यांकडे पाहायच्या आधी दुकानदाराच्या फ्रिजच्या दारावरून हात फिरवायच्या. "दादा, रबर गेला तुमचा. हवा खाऊन राहिला." दुकानदार बिचारे हो हो म्हणायचे. एका लग्नात तर त्यांनी आइस्क्रीमवाल्या पोराला असं फैलावर घेतलं की तो ताट घेऊन आमच्या रांगेकडे फिरकलाच नाही. मला आइस्क्रीम मिळालं नाही, ते मी अजून विसरलेले नाही.

पण फ्रिजमध्ये कांदे नव्हते. ट्यूलिपचे कंद होते. नागपुरात. जिथं मे महिन्यात नळाचं पाणी हाताला चटका देतं, त्या गावात ही बाई बर्फाच्या मुलखातलं फूल उगवायला निघाली होती. मी आले तेव्हा दोन वर्षं हरून बसली होती. पहिल्या वर्षी झेंडूसारखे सरळ मातीत लावले, त्याचा चिखल झाला. दुसऱ्या वर्षी थोडेच दिवस फ्रिजात ठेवले, तर नुसती पानं आली. मग एका पहाडी माणसाकडून, जो कंद पाठवतो त्याच्याकडून, त्यांना फोनवर कळलं की या कंदाला आधी अख्खा हिवाळा काढावा लागतो, तेव्हा कुठं आतलं फूल जागं होतं. "आपल्या इथं हिवाळा कुठं आहे?" मी म्हटलं. त्यांनी फ्रिजकडे बोट दाखवलं.

एवढं सगळं कशासाठी, ते त्यांनी मला भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं.

"लेकराले सुई टोचाची म्हणजे त्याचं ध्यान दुसरीकडं पायजे. आमच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, कोणता तरी औषधवाला देऊन गेला होता. साल संपलं, मी तारखा फाडल्या, चित्र राहू देलं. लाल फूल. मी लेकराले म्हणो, ते पाह्य फूल. ते पाहे, तेवढ्यात माह्यं काम होऊन जाये. जरा मोठे लेकरं विचारत, कुठी असते हे? मी म्हणो, माह्या घरी. रडला नाही तर दाखवीन."

"मग?"

"मग काय. तो रडला नाही. मी दाखवलं नाही."

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले, भाषणं झाली. गावातला एक जवान पोरगा उठला, आता तो हिंगण्यातल्या कारखान्यात पाळ्या करतो. माइकवर म्हणाला, सिस्टरनं आम्हाला सगळं दिलं, फक्त घरचं फूल दाखवायचं राहिलं. सगळे हसले. सिस्टरही हसल्या. आणि घरी येऊन त्यांना जेवण गेलं नाही.

"लहान पोरांशी सगळेच बोलतात हो असं," मी म्हटलं.

"सगळे आपापल्या लेकराशी बोलते. मी अख्ख्या तालुक्याशी बोलली. अन् आता जे नवी सिस्टर आली, तेही तेच सांगून राहिली. म्हणते, हे फूल जुन्या सिस्टरच्या घरी आहे. म्हणजे मी घरी बसून बी खोटं बोलूनच राहिली ना?" शेंगांची टोपली बाजूला सरकवून त्या म्हणाल्या, "मले एक फूल पायजे. एकच. नेऊन तिथल्या लशीच्या टेबलावर ठेवतो, मंग मोकळी झाली मी."

मला फुलांचं फारसं कौतुक नाही, गजरासुद्धा माझ्या डोक्यात टिकत नाही. पण त्या दिवसापासून मी माठाच्या पाण्याबद्दल कुरकुर केली नाही. निदान मोठ्यानं नाही.

दसरा आला. सिस्टरच्या घरी दसरा म्हणजे गावाकडून दीक्षाभूमीला आलेली माणसं. बैठकीत बुद्धाच्या मूर्तीपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत सतरंज्या. मोठी माणसं समजूतदार, पण पोरं उन्हातून चालून आलेली, घामाघूम, आणि समोर फ्रिज. एका पोरीनं दाराला हिसडा दिला. सिस्टर पोळ्या लाटत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "उघडत नाही तो. आत बाळं झोपून आहे." पोरगी घाबरून आईकडे गेली, आई माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "खरंच झोपले आहेत." त्यानंतर ती माणसं असेपर्यंत त्या फ्रिजजवळ सगळे हळू बोलत होते.

मग दिवाळीच्या तोंडावर, रविवारी सकाळी, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर फुटला. लाइनमन आला, वर पाहून मान हलवली, दोन दिवस तरी लागतील म्हणाला. अख्खा मोहल्ला अंधारात. ऑक्टोबरचा उकाडा असा की भिंतीला पाठ लावली तरी भाजावी. मी धावत खाली आले. मला वाटलं, बाई रडत असेल. बाई लशीच्या डब्यात लावतात त्या, पाणी गोठवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या ओट्यावर एका रांगेत मांडत होती.

"लवकर डब्यात टाका ना, सिस्टर, त्या वितळून राहिल्या."

"वितळाच पायजे जराशा. एकदम लावल्या तर कंद गोठून मरन." त्या एकेक पट्टी उचलून कानाजवळ हलवायच्या. आत पाणी डुचमळल्याचं ऐकू आलं की ती लावायची, नाही आलं तर परत खाली. घाम निथळत होता, पण हात असे चालले होते जणू बाहेर बायका पोरं घेऊन रांगेत बसल्या आहेत. मी नुसती पाहत उभी राहिले. मला आयुष्यात कुठलंच काम असं येत नाही, हे त्या दिवशी फार जाणवलं.

निरोपाला त्यांना केंद्रातला एक जुना, कडा मोडलेला लशीचा डबा भेट मिळाला होता. त्यात सगळे कंद भरले आणि आम्ही निघालो कोराडीला, त्यांच्या भावाकडे. "जिथं लाइट बनते तिथं तर जाणार नाही ना," त्या म्हणाल्या. मी स्कूटी काढायला लागले तर नको म्हणाल्या, गचके बसतात. बसनं गेलो. बस खच्चून भरलेली. कंडक्टरनं डबा पाहिला, सिस्टरचं तोंड पाहिलं आणि ओरडला, "अरे सरका गा, लस आहे." दोन माणसं उठून उभी राहिली. सिस्टर ऐटीत बसल्या, डबा मांडीवर, हात झाकणावर. कोळशाच्या ट्रकांमागून बस रांगत होती, खिडकीतून राख येत होती. मी कानात म्हटलं, "तुम्ही खोटं बोलल्या." म्हणाल्या, "मी कुठी बोलली? तो बोलला."

वहिनींनी त्यांच्या मोठ्या फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून दिला. भली बाई. सिस्टरनी थर्मामीटर ठेवला, थांबून पाहिला, सहावर आला तेव्हा उठल्या. दार फार वेळ उघडायचं नाही, कप्प्याला हात लावायचा नाही, सगळं दोनदोनदा सांगितलं. वहिनी हसून म्हणाल्या, "ताई, मले का लहान पोट्टी समजता?"

लाइट यायला लाइनमन म्हणाला त्याहून बरेच जास्त दिवस लागले. आम्ही परत गेलो, वहिनींनी फ्रिज उघडला आणि गोड वास आला. कंदांच्या पिशव्यांना खेटून, त्याच कप्प्यावर, पिकलेली सीताफळं. मोठमोठी, डोळे उघडलेली.

"तुमच्यासाठी ठेवली, ताई. आपल्या झाडाची आहेत. तुम्हाले आवडते म्हणून पोरांले हात नाही लावू देला."

त्या पहाडी माणसानं फोनवर मोठ्यानं बजावलं होतं, मी तिथंच होते: "पके फल के पास मत रखना बहनजी, अंदर का फूल मर जाएगा." सिस्टरना ते पाठ होतं. पण वहिनींना ते सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. लशीच्या फ्रिजमध्ये लशीशिवाय पाण्याची बाटलीसुद्धा ठेवत नाहीत. त्या फ्रिजमध्ये कोणी फळ ठेवू शकतं हे ज्या बाईनं जन्मात पाहिलं नाही, ती फळ ठेवू नका असं कशाला सांगेल? थर्मामीटर अजून सहावरच होता.

सिस्टरनी कंद डब्यात भरले. मग खाली पाट घेऊन बसल्या, म्हणाल्या, "आण वं ते सीताफळं." आणि एकामागून एक खाल्ली. बिया ताटलीत काढत, सावकाश, वहिनींशी झाडाच्या गोष्टी करत. यंदा बहर कसा आला, माकडं किती त्रास देतात. मला एक दिलं. मी ते हातातच धरून बसले. बसमध्ये बसल्यावर मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाल्या, "वहिनीले कधीच सांगाचं नाही. मायेनं ठेवले तिनं."

"एक कंद कापून पाहू का? आतलं मेलं की जिवंत ते तरी समजन."

"लेकरू आजारी आहे का हे पाहाले कोणी त्याचं पोट फाडते का?" कोराडीपासून घरापर्यंत त्यांचा हात झाकणावर होता, पण जाताना होता तसा ऐटीत नव्हता.

डिसेंबरात सगळे कंद कुंड्यांत लावले. सिस्टरनी एकदाही म्हटलं नाही की आता काय उपयोग. गच्चीवर हिरवी जाळी बांधली, कुंड्यांभोवती ओली वाळू, वर ओला बारदाना. संक्रांतीच्या सुमारास दुपारचं ऊन चढायला लागलं तसा माळ्यावरून कूलर उतरवला. जानेवारीत कूलर. गल्लीतली माणसं स्वेटर घालून फिरत होती आणि आमच्या गच्चीवर कूलर घरघरत होता. त्याच्या समोर कुंड्यांची रांग, आणि कुंड्यांना गार लागतंय की नाही ते कळावं म्हणून रांगेच्या टोकाला सिस्टर स्वतः, खुर्ची टाकून, कानाला स्कार्फ, अंगावर शाल, नाक लाल. समोरच्या काकांनी मला गाठून विचारलं, "तुमची घरमालकीण बरी आहे ना?" मी म्हटलं, "दोन ते आठ आहे."

पानं आली. मग कळ्या दिसल्या, आणि आम्ही दोघी पायरीवर बसून न बोलता हसलो. मग एकेक कळी आतल्या आत वाळायला लागली. कागदासारखी, हाताला खरखरीत. रोज सकाळी एखादी. सिस्टर ती कुंडी उचलून भिंतीकडे नेऊन ठेवायच्या, पण पाणी घालायच्याच. मला राग यायचा, कोणाचा ते कळत नव्हतं. एकदा चिडून म्हटलं, "आता त्याले कायले पाणी घालता?"

"तुहं लग्न जुळून नाही राहिलं म्हणून मी तुहा चहा बंद केला का?"

रांगेत शेवटी एक कुंडी राहिली. ती कळी वाळली नाही. तिच्या टोकाला आधी एक लालसर रेघ आली. एका सकाळी ऑफिसला निघताना मी वर गेले तर कळी उघडत होती. देठ बोटभर, कॅलेंडरात असतो तसा लांबसडक नाही. पण वर ते फूल. लाल म्हणजे किती लाल असावं. आत डोकावलं तर तळाशी पिवळा तारा. मागं टाक्या, केबलच्या वायरी, वाळत घातलेल्या चादरी, आणि मधे हे. खरं सांगते, माझे हात आपोआप जोडले गेले. सिस्टर खुर्चीत होत्या. म्हणाल्या, "आज लसीकरणाचा दिवस आहे. सुट्टी टाक." मी टाकली.

ऑटोत कुंडी मांडीवर, वर ओल्या टॉवेलचा तंबू. "हळू चाल गा, बाबू," एवढंच त्या हिंगण्यापर्यंत बोलत राहिल्या. आरोग्य केंद्रात ओसरीभर बायका पोरं घेऊन बसलेल्या. सिस्टर कोणाशी न बोलता आत गेल्या, टेबलावर कुंडी ठेवली आणि टॉवेल काढला. वरच्या भिंतीवर ते जुनं चित्र होतं, उन्हानं रंग पार उडालेला. नवी सिस्टर, अगदी तरुण पोरगी, खुर्चीवरून उठलीच. "खरंच होतं का हो तुमच्या घरी?" सिस्टर म्हणाल्या, "आता आहे."

बायका दारात गोळा झाल्या. त्यातली एक, कडेवर दीड वर्षाचा मुलगा, पुढं आली आणि बराच वेळ फुलाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी पहिलीत होती. तुम्ही मले म्हटलं होतं, रडली नाही तर दाखवीन. मी नव्हती रडली."

सिस्टरनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "उशीर झाला वं माय," एवढंच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आलेले मी त्या एकाच वेळी पाहिले.

पाळी तिचीच होती. ती टेबलाशेजारी बसली, मुलाला मांडीवर घेतलं, त्याची चड्डी वर केली. नव्या सिस्टरनं सुई भरली. पोरानं सुई पाहिली, ओठ काढला, रडणार तेवढ्यात त्याला फूल दिसलं. त्यानं हात लांब केला आणि कोणी काही म्हणायच्या आत मूठ आवळून ओढलं. टचकन फूल तुटलं. कुंडीत बोटभर देठ राहिला.

त्या आईचं तोंड पांढरं पडलं. नव्या सिस्टरचा सुईचा हात हवेतच थांबला. सिस्टरकडे पाहायची माझी हिंमत होईना. तीन वर्षं, तो फ्रिज, ती बस, ते थंडीत कूलरसमोर बसणं, सगळं त्या पोराच्या मुठीत चुरगळत होतं, आणि ते मान वाकडी करून आतला पिवळा रंग पाहत होतं.

"पाहून काय राहिली वं?" सिस्टर हळूच म्हणाल्या. "टोच ना. ध्यान आहे त्याचं फुलात."

नव्या सिस्टरनं टोचलं. पोरानं वर पाहिलंसुद्धा नाही.

आई भानावर आली. शरमेनं लालबुंद होऊन ती मुलाची बोटं एकेक करून उघडायला लागली, फूल सोडवून सिस्टरना परत द्यायला. तेव्हा कुठं त्यानं भोकाड पसरलं. सिस्टरनी वाकून तिचं मनगट धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याचंच आहे ते."